माबेला ते रुवी, इमाबारीमार्गे

येमूल मला आवडत नसे. मीही त्याला आवडत नसे. हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा माणसांबद्दल कुणी लिहायला बसलं की वाचणारा वाट बघत राहतो, आता वरचं करवंट फुटेल आणि आतलं गोड खोबरं निघेल. येमूलचं करवंट मी बरंच आपटून पाहिलं. हाताला झिणझिण्या आल्या, बाकी काही नाही.

तरीही कित्येक वर्षं रोज सकाळी मी त्याच्या गाडीत बसत होतो, कारण मला गाडी चालवता येत नव्हती. मस्कतमध्ये लायसन्स हवं असेल तर रांगेनं उभ्या केलेल्या ड्रममधून गाडी रिव्हर्स काढून दाखवावी लागते. मी ड्रम पाडायचो. परीक्षा घेणारा पोलीस मला पाहिलं की आधी ड्रमकडे बघायचा, त्यांना निरोप दिल्यासारखा. माझी बायको रेवा म्हणायची, "अहो, या वेळी निदान वेगळा तरी पाडा."

आम्ही दोघंही माबेलात राहायचो, आणि आमची कंपनी रुवीला. टॉवेल, चमचे, सुऱ्या, हॉटेलांना लागणारं असलं सगळं आयात करून विकणारी. मी विक्रीत. येमूल मागच्या गोडाऊनमध्ये, आलेला माल तपासायला. म्हणजे मी जे विकून यायचो ते पास करायचं की परत पाठवायचं, हे तो ठरवायचा. दिवसभर भांडायचं आणि संध्याकाळी त्याच माणसाच्या शेजारी पट्टा लावून बसायचं, असा संसार होता. मागच्या सीटवर कंपनीचा एसी मेकॅनिक बावकर असे. मालवणचा. त्याला आम्हा दोघांचीही करमणूक वाटायची आणि ते तो लपवत नसे.

गाडीत रेडिओ नव्हता. म्हणजे होता, पण लावायचा नाही. त्या वेळेत येमूल जपान शिकवायचा.

तरुणपणी मोठ्या अर्बाबांबरोबर, म्हणजे आमच्या आधीच्या मालकांबरोबर, तो माल निवडायला जपानला जात असे. टोकियोचं नाव काढलं की तोंड वाकडं करायचा. "टोकियो काय बघायचं ओ? दिल्ली बघितलाव नाही का?" त्याचं जपान म्हणजे आडगावची शहरं. टॉवेलांचं इमाबारी. चमच्यांचं त्सुबामे. चष्म्यांच्या फ्रेमांचं साबाए. सुऱ्या-कात्र्यांचं सेकी. मी भूगोलात जेमतेम काठावर पास झालेला माणूस. आज मला झोपेतून उठवलंत तरी मी या चारही गावांच्या नद्या, हवामान आणि उद्योगधंदे सांगू शकतो. हा अत्याचार नाही तर काय?

"साठे, सीब आलं," तो म्हणायचा. डावीकडे समुद्र, उजवीकडे उघडेबोडके डोंगर. "इमाबारी असंच. पुढं समुद्र, मागं डोंगर, पाऊस कमी. भात पिकंना. मग तिथले लोक काय करले? तुमच्यासारखं एसी लावून झोपले का?"

"नाय ओ," मागून बावकर. "टॉवेल ईणले."

"कशामुळं जमलं?"

"नदीचा पाणी मऊ हा म्हणान."

"बघा. एसीवाल्याला कळतं."

विमानतळ मागे पडेपर्यंत त्सुबामे सुरू व्हायचं. तिथली नदी दरवर्षी शेतं बुडवायची, म्हणून शेतकरी खिळे ठोकायला शिकले. विलायती खिळे आले, यांचे खिळे गेले. मग त्यांनी तंबाखू ओढायच्या नळ्या केल्या. सिगारेटी आल्या, नळ्या गेल्या. मग चमचे केले. "तीन वेळा मेलं गाव," येमूल म्हणायचा, "पण एकदा तरी सरकारच्या नावानं रडत बसले का?" सरकारच्या नावानं मी रडत नव्हतो. मी फक्त खिडकीतून बाहेर बघत होतो. पण हा प्रश्न माझ्यावर रोखलेला असे. साबाएचा बर्फ, त्या बर्फात अडकलेले शेतकरी, हिवाळाभर घरात बसून फ्रेमा घासणारी त्यांची पोरं, या सगळ्यांनी मिळून मला अल खुवैरच्या सिग्नलपर्यंत गुन्हेगार ठरवलेलं असायचं.

ही गावं तो अंगावर बाळगायचा. डोळ्यांवर साबाएची फ्रेम. डब्यात त्सुबामेचा चमचा. चमचा विसरला तर जेवायचा नाही, पण कँटीनचा चमचा तोंडात घालायचा नाही. खिशात सेकीची छोटी कात्री. चष्मा पुसायला हरणाच्या कातड्याचं एक फडकं होतं, ते डबीत ठेवलेलं. एकदा मी शर्टाच्या टोकानं माझा चष्मा पुसला, तर त्यानं गाडी बाजूला घेतली. खरंच घेतली. "उतरा," म्हणाला. "काच पुसायची अक्कल नाही त्याला मी बाजूला बसवत नाही." बावकरनं रदबदली केली म्हणून, नाहीतर मी त्या दिवशी गुब्रापासून चालत गेलो असतो.

कात्री मात्र नुसती शोभेची नव्हती. इमाबारीत टॉवेल पारखायची एक रीत आहे. टॉवेलाचा बारकासा तुकडा कापायचा, पाण्यात सोडायचा आणि पाच आकडे म्हणायचे. तेवढ्यात बुडाला तर टॉवेल. तरंगत राहिला तर, येमूलच्या शब्दांत, "पायपुसणं". आकडे तो जपानीत म्हणायचा. इची, नी, सान, शी, गो. गोडाऊनमध्ये त्याच्या टेबलावर काचेचा ग्लास कायम भरलेला असे, आणि मी विकलेले कितीतरी टॉवेल त्या ग्लासात "गो" नंतरही मजेत पोहत राहिलेले मी पाहिले आहेत.

गोडाऊनमध्ये ठीक होतं. पण आम्ही माबेलातच जरा मोठ्या घरात गेलो, तेव्हा सत्यनारायण घातला. माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या आणि येताना लेकीच्या नव्या घरासाठी टॉवेलांचा जोड घेऊन आल्या होत्या. गुलाबी. येमूल हात धुवायला आत गेला तो बाहेर येईना. मी जाऊन बघतो तर साहेब बेसिनपाशी उभे, दात घासायच्या पेल्यात पाणी, हातात कात्री.

"गो," म्हणाला आणि पेला घेऊन थेट बैठकीत आला. सगळी माणसं प्रसाद खात होती. त्यानं पेला सासूबाईंच्या पुढ्यात धरला. गुलाबी ठिपका पाण्यावर फिरत होता.

"आजी, तुम्हाला फसवलेत."

सासूबाई सदाशिव पेठेतल्या. त्यांना आजवर कुणी फसवलं नव्हतं, आणि फसवलं असेल तर तसं सांगायची कुणाची हिंमत झाली नव्हती. "रेवा," त्या शांतपणे म्हणाल्या, "या गृहस्थांना अजून थोडा शिरा वाढ. तोंड भरलेलं राहील."

मला लाज वाटली, संताप आला, आणि आपल्याला सासूबाईंसारखं उत्तर सुचलं नाही म्हणून वाईटही वाटलं. जाताना दारात येमूलची बायको, पद्मावहिनी, रेवाचा हात धरून म्हणाली, "मनावर घेऊ नका. तुमचा कोपराच गेला. आमच्याकडं तर घर गेलं."

मग तिनं सांगितलं. येमूलचं घराणं सोलापूरच्या विणकरांचं. घरात तेलुगू, दारात मराठी. वडील हातमागावर बसायचे. ते गेल्यावर धाकट्या भावानं, व्यंकटेशनं, हिंमत करून टॉवेलांचा छोटा कारखाना घातला. मागावर आडवा धागा नेणारा वडिलांचा लाकडी धोटा दारावर लावला. पहिला टॉवेल मागावरून उतरला तो कुंकू लावून वडिलांच्या फोटोला पांघरला. त्या समारंभाला येमूल मस्कतहून गेला होता. सगळी भावकी जमलेली, भटजी मंत्र म्हणतायत, आणि यानं खिशातून कात्री काढली.

"फोटोवरच्या टॉवेलाचा कोपरा?" रेवानं विचारलं.

"फोटोवरच्याचाच. तांब्यातल्या पाण्यात सोडला. तरंगला." वहिनी चपला शोधत म्हणाली. "तेव्हापासून भावाभावांत बोलणं नाही. मी सुद्धा सासरी गेले नाही. मी जपानशीच संसार केला म्हणा."

रेवानं हे मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "साहजिक आहे." यापलीकडे मी त्याचा विचार केला नाही.

मोठे अर्बाब गेले आणि त्यांचा मुलगा सालिम कारभार बघू लागला. चांगला मुलगा, हिंदी आमच्यापेक्षा सफाईदार. त्याला जपानी माल परवडत नव्हता आणि येमूलची कात्री त्याहून परवडत नव्हती. अशात सूर बंदराजवळ एक नवं रिसॉर्ट उभं राहत होतं. त्यांची टॉवेलांची सगळी ऑर्डर मी मिळवली. आयुष्यातली माझी सर्वांत मोठी. माल सोलापूरच्या एका कारखान्याकडून घ्यायचं ठरलं. नमुने चांगले होते, हाताला लोण्यासारखे लागत होते. पत्रव्यवहार तिथल्या मॅनेजरशी झाला. सोलापुरात टॉवेलांचे कारखाने चिकार. हा कुणाचा, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी विक्रीतला माणूस. मी कुणालाच काही विचारत नाही, नुसता सांगत असतो.

माल आला त्या दिवशी सालिम स्वतः गोडाऊनमध्ये होता. खोका उघडला. येमूलनं वरचा टॉवेल उचलला, लेबल पाहिलं. लेबलावर धोट्याचं चित्र होतं. तो ते जरा जास्तच वेळ बघत राहिला एवढं मला आठवतं. मग कात्री. ग्लास. इची, नी, सान, शी, गो.

तुकडा तरंगत होता.

"येमूलभाई," सालिम म्हणाला, "होटलवाला बोलता है यल्ला, यल्ला, जल्दी. साइन करो, खलास."

"अर्बाब, ये डूबता नहीं."

"तो अच्छा है ना!" सालिमचे आजोबा सूरला गलबतं बांधायचे. "हमारे सूर में जो नहीं डूबता, उसी को अच्छा बोलते हैं."

मी मोठ्यांदा हसलो. येमूलनं माझ्याकडे असं पाहिलं की हसू आल्या वाटेनं परत गेलं. त्यानं कागदावर लाल शिक्का मारला. सालिमचा चेहरा उतरला. इंग्रजीत, म्हणजे खरा राग आल्यावर, त्यानं सुनावलं: रिसॉर्ट उघडायच्या आत चांगला माल हजर झाला नाही तर ऑर्डर रद्द, आणि येमूलचा व्हिसाही पुढे वाढणार नाही. माझ्याबद्दल तो काही बोलला नाही. मला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मवालापाशी असताना येमूलचा फोन वाजला. नव्या गाडीत फोन आपोआप स्पीकरवर जायचा आणि तो बंद कसा करायचा हे येमूलला कधीच कळलं नव्हतं. साबाएचा इतिहास पाठ असलेला माणूस, पण डॅशबोर्डवरचं एक बटण सापडत नव्हतं.

"नारायण येमूल तूच का बे?" सगळी गाडी भरून आवाज आला.

येमूलनं स्टिअरिंग घट्ट धरलं. "कोण?"

"लाल शिक्का मारताना ओळखलास, आता इसरलास?"

मी मान वळवून बावकरकडे बघितलं. बावकर सीटच्या टोकाला येऊन बसला होता.

"धोटा बघितलास ना लेबलावर?" आवाज म्हणाला. "मग? हा माल परत आला तर माग बंद. बँकेचा माणूस दारात बसलाय. शिलाईच्या बाया सकाळपासून हात गुंडाळून बसल्यात. एक सही, नारायण. एक सही मागायलोय."

"तरंगायलंय."

"तरंगू दे की!"

"आप्पांच्या फोटोवरचंही तरंगलंतं. इतक्या वर्षांत काय शिकलास बे?"

यानंतर दोघं तेलुगूत शिरले. मला तेलुगू येत नाही, पण एसी बंद पडल्यासारखी गाडी तापली. एअरपोर्ट गेलं, गुब्रा गेलं. बावकर हळूच म्हणाला, "साठेनू, शिवी खंयची आणि नातां खंयचा, काय कळाक मार्ग नाय." अल खुवैरला पुन्हा मराठी ऐकू आली.

"शेवटी सिलिकॉन मारलास ना?" येमूल ओरडत होता. "मऊ लागावं म्हणून?"

"गिऱ्हाईक हात लावून घेतंय! हाताला मऊ लागलं पाहिजे!"

"अरे गाढवा, तेल चोपडलेल्या अंगात पाणी कसं शिरंल? त्यो टॉवेल हाय का रेनकोट?"

फोन आपटला गेला. म्हणजे तिकडे. इकडे आपटायला काही नव्हतं.

ऑफिसात मी येमूलच्या टेबलापाशी गेलो. माझीही नोकरी टांगलेली होती, पण ते न सांगता मी भावाचं नाव पुढे केलं. "येमूलसाहेब, सख्खा भाऊ आहे तुमचा."

"म्हणून सोडू?" त्यानं वर न बघता विचारलं. "तुम्ही विक्रीतच शोभता, साठे."

"कारखाना बंद पडेल त्यांचा."

"त्सुबामे तीन वेळा बंद पडलं."

त्या क्षणी मला तो ग्लास उचलून त्याच्या टकलावर रिकामा करावासा वाटला. आजही वाटतं.

पण फोन दुसऱ्या दिवशीही आला. त्याच वेळेला. मग रोज. माबेलाच्या पेट्रोल पंपापाशी गाडी वळली की सोलापूर ओरडायला लागायचं. माझं भूगोलाचं शिक्षण संपलं. आता बावकर आणि मी, दोघंही भांडणाचे श्रोते. व्यवस्था अशी ठरून गेली की शिव्या तेलुगूत आणि कामाचं मराठीत. त्यामुळे कामाचं सगळं मला समजलं. सूत भट्टीतून निघाल्यावर त्याचा चिकटपणा नीट धुतलाच जात नव्हता. सोलापूरचं बोअरचं पाणी जड, साबण त्यात फाटायचा.

"इमाबारीचं पाणी मऊ," येमूल म्हणाला.

"मग काय इमाबारीची नदी आणू का बोरामणी नाक्यावर?" व्यंकटेश किंचाळला. "तुझं ते जपान घाल चुलीत! तिथं नदी हाय, इथं टँकर हाय!"

येमूलनं गाडी हळू लेनमध्ये घेतली. मग म्हणाला, "टँकर कुठनं भरतोस?"

"बोअरवरनं."

"तळ्याकडच्या रंगाऱ्यांकडं पाणी मऊ करायचं यंत्र हाय. त्यांच्याकडनं भर."

"त्यांच्याशी बोलत नाही मी."

"माझ्याशी तरी कुठं बोलतोस? बोलायलासच की. भर जा, मुकाट्यानं!" आणि मग पुन्हा तेलुगू.

याच दिवसांत त्यानं मला ड्रम शिकवले. मी मागितलं नव्हतं. एका शुक्रवारी माबेलाच्या मोकळ्या मैदानात नेलं, मला स्टिअरिंगवर बसवलं आणि जिथं ड्रम असायला हवा तिथं जाऊन स्वतः उभा राहिला. दुसऱ्या बाजूला बावकरला उभं केलं. बावकर म्हणाला, "माका बायको-पोरां हत." त्याच्या जागी पाण्याचा कॅन ठेवला.

"ड्रम पाडताना तुम्हाला काही वाटत नाही," येमूल ओरडला. "आता मला पाडा!"

इच्छा झाली नाही, असं मी म्हणणार नाही. आरशात त्याची साबाएची फ्रेम चमकत होती. ॲक्सिलरेटरवर नुसता पाय जड पडायचा अवकाश होता, आणि आमच्या गोडाऊनमध्ये कायमची शांतता झाली असती. पण मी इतक्या सावकाश, इतक्या जपून रिव्हर्स घेतली की कॅनसुद्धा हलला नाही. पुढच्या परीक्षेला ड्रमच्या जागी मला चार येमूल दिसले. पास झालो. पोलिसानं माझ्याशी हात मिळवला आणि ड्रमकडे वळून बघितलं.

दुसरा माल सोहार बंदरात उतरून रुवीला आला तेव्हा रिसॉर्ट उघडायला आठवडाही उरला नव्हता. सालिम, मी, बावकर, सगळे ग्लासाभोवती. टॉवेल पहिल्यापेक्षा हाताला खरखरीत होता. येमूलनं कोपरा कापला. सोडला. "इची," म्हणाला. "नी. सान."

"शी" ला ग्लासाच्या तळाशी काहीतरी पांढरं पडलेलं होतं.

बावकरनं टाळी वाजवली. येमूलनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं मधल्या खोक्यातला टॉवेल काढायला लावला. मग सगळ्यांत खालचा. कापत गेला, सोडत गेला. तुकडे दगडासारखे खाली जात राहिले. मग सही केली. सालिम म्हणाला, "अल्हमदुलिल्ला," आणि पहिल्यांदाच मला तो वडिलांसारखा दिसला.

दुसऱ्या दिवशी गाडीत फोन आला. पहिल्यांदाच आवाज हळू होता. "काय झालं बे?"

येमूलनं पट्टा लावला, आरसा नीट केला, गाडी रस्त्याला घेतली.

"काठाची शिलाई वाकडी आलीय," म्हणाला.

पलीकडून तेलुगू सुरू झालं, आणि अल खुवैरपर्यंत थांबलं नाही.

पण सालिमनं त्या वर्षात तपासणीचं कामच बंद केलं. माल पाठवणाऱ्यानंच तपासून पाठवायचा, असा नवा नियम आला. व्हिसा संपला तसा येमूलही संपला. निरोपसमारंभात केक होता, चमचा प्लॅस्टिकचा होता, म्हणून त्यानं केक खाल्ला नाही. पुढं काय, असं मी विचारलं. "पुण्याला. मुलीकडं."

"सोलापूर?"

"सोलापुरात थुंकायलासुद्धा जाणार नाही."

पद्मावहिनी सामान लावायला आधीच भारतात गेली होती. त्याला विमानतळावर सोडायला मी निघालो; माझी स्वतःची गाडी, स्वतःचं लायसन्स. वाटेत त्यानं माझ्या प्रत्येक वळणाला नाव ठेवलं. मी एकशेवीसच्या वर गेलो, गाडी टिंगटिंग वाजू लागली, तर म्हणाला, "तिला कळायलंय, तुम्हाला कळंना." उतरताना आभार मानले नाहीत. मीही "पुन्हा या" म्हणालो नाही. हातातल्या तिकिटावर हैदराबाद लिहिलेलं मी पाहिलं. पुण्याला जाणारा माणूस मुंबईला उतरतो. सोलापूरला जाणारा हैदराबादला उतरून रात्रीची गाडी पकडतो. तिकीट न पाहिल्यासारखं करून मी बॅग ट्रॉलीवर ठेवली. इतक्या वर्षांत एवढं शिकलो होतो.

काचेच्या दारातून तो आत गेला आणि मी बाहेर गाडीपाशी थांबलो. का थांबलो, सांगता येत नाही. आत रांगेत उभा राहून तो फोनवर ओरडत होता. ऐकू काही येत नव्हतं, पण आजूबाजूची माणसं मान वळवून बघत होती, आणि हाताच्या हालचालीवरून तेलुगू चाललंय हे मला समजत होतं. मधेच तो थांबला. नुसतं ऐकू लागला. मी त्याला कुणाचंही ऐकताना कधी पाहिलं नव्हतं. जरा विचित्रच दिसत होता, दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा घातल्यासारखा.

मग त्यानं चष्मा काढला. हरणाच्या कातड्याची डबी खिशात असणारच. पण त्याचा हात तिकडे गेला नाही. खांद्यावरच्या पिशवीतून त्यानं एक पांढरा टॉवेल ओढला. त्याचा एक कोपरा कापलेला होता. त्या टॉवेलानं तो साबाएचा चष्मा पुसत राहिला, एक काच, मग दुसरी, मग उजेडासमोर धरून पुन्हा पहिली.

चष्मा डोळ्यांवर चढवल्यावर त्याला पहिला मी दिसलो. काचेपलीकडून त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं, मग माझ्या गाडीकडे, मग तिच्या शेजारच्या नो पार्किंगच्या पाटीकडे, आणि फोन कानालाच ठेवून मोकळ्या हातानं मला खूण केली. काढा ती. मागं घ्या. सावकाश.

मी गाडीत बसलो आणि सावकाश मागे घेतली. आरशात तो बघत होता.